भिंतीवांचून खोली

घर म्हटलें म्हणजे आंत खोल्या आल्या, असें पुस्तकांतील चित्रें पाहून वाटतें. परंतु आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलामुलींपैकीं पुष्कळांच्या घरीं बाहेरच्या चार भिंती सोडल्या तर आंत एकही भिंत नसते. तेथेंच शेगडी, तेथेंच आजोबांची खाट, तेथेंच दूरचित्रवाणी आणि तेथेंच दहावीचा अभ्यास. अशा घरांतील मुलास 'वेगळ्या खोलींत बसून वाचीत जा' असा उपदेश करणें म्हणजे तहानेल्यास विहीर खणावयास सांगण्यासारखें होय. वेगळी खोली देणें पालकांच्या हातीं नसतें. वेगळी जागा देणें मात्र बहुधा असतें. आणि खोली व जागा यांत जो भेद आहे, त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

हा भेद आपल्या वाडवडिलांस चांगला ठाऊक होता. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील (२०२४ पर्यंत याचें नांव अहमदनगर होतें) जुनीं धाब्याचीं घरें पाहावीं. त्यांचें माप खोल्यांनीं सांगत नसत, खणांनीं सांगत. दोन तुळयांमधील जागा तो एक खण. दोन खणांचें घर, पांच खणांचें घर, असें बोलत. आणि खणाखणांत भिंत असेच असें नाहीं. कोठें धान्याची कणगी उभी करून तिच्या मागें स्वयंपाकाची जागा केलेली असे, तर कोठें मडक्यांची उतरंड हीच माजघराची सीमा असे. कणगीनें धान्यही राहिलें आणि आडोसाही झाला. पाहुणा आला कीं खुंटीवरची घोंगडी खालीं येई. ती पसरली कीं तेवढी जागा 'बैठक' झाली, आणि मग बैठकीच्या कडेवरून चालतांना घरांतील पोरेंही पाय जपून टाकीत. पाहुणा उठला, घोंगडी खुंटीवर गेली, कीं तीच जागा पुन्हां धान्य निवडण्याची. एका जमिनीस दिवसांतून तीन नांवें मिळत, व तीं देण्यास गवंडी लागत नसे.

जपानांतील लोकांची रीत याहून फार निराळी नाहीं. ते खोलीचें माप चटयांनीं सांगतात. त्यांची चटई सुमारें सहा फूट लांब व तीन फूट रुंद असते. त्यावरून साडेचार चटयांची खोली, सहा चटयांची खोली, असें म्हणण्याचा प्रघात आहे. मंगोलियांतील धनगरांचा वाटोळा तंबू तर याहूनही बोधप्रद आहे. आपल्याकडील बुरणूस ज्या रीतीनें लोंकर दाबून करतात, त्याच रीतीच्या जाड कापडानें तो मढविलेला असतो. आंत एकही आडभिंत नाहीं. तरी परंपरेनें दार दक्षिणेस, पश्चिमेची बाजू पुरुषांची व पाहुण्यांची, पूर्वेची बाजू स्त्रियांची व भांड्याकुंड्यांची, आणि दारासमोरची उत्तरेकडील जागा मानाची. तेथील लहान मूलही या अदृश्य भिंती ओळखतें.

आतां आपल्या हाताशीं असलेल्या वस्तूंकडे वळूं. आपला प्रांत मागांचा आहे. या शहरांत व भिंगारांत साड्या विणणाऱ्यांची वस्ती जुनी आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं येथेंच हातमागांत सुधारणा करण्यासाठीं परिश्रम केले. परंतु अंथरण्याच्या कामीं पहिला मान घोंगडीचा. मेंढीच्या काळ्या लोंकरीच्या सुतास चिंचोक्यांची खळ देऊन ती विणतात. जमिनीची ओल व थंडी ती चांगली अडविते. सतरंजी सुती, सपाट व दोन्ही बाजूंनीं सारखी, म्हणून एक बाजू मळली तर उलटून घालतां येते. (सतरंजी या शब्दाचा संबंध शतरंज, म्हणजे बुद्धिबळाचा खेळ, याच्याशीं जोडतात. चौकटींच्या पटावर प्रत्येक सोंगटीची जागा ठरलेली असते, हें लक्षांत घेतलें तर आमच्या विषयास तें नांव चांगलेंच शोभतें.) गालिचा दिसावयास सुंदर खरा, परंतु त्याच्या केसाळ अंगांत धूळ फार बसते, ज्या खोलींत फोडणीही होते, तेथें तो न घातलेलाच बरा. गोधडीबद्दल काय सांगावें? आईच्या जुन्या लुगड्यांची ती असते, आणि तिच्यावर बसलेलें मूल आपल्या जागेवरून सहसा हलत नाहीं!

जागा ठरवितांना पहिला प्रश्न मापाचा. मांडी घालून बसलेल्या मुलास, पुढें वही-पुस्तक उघडून व बाजूस दप्तर ठेवून, चार फूट लांब व अडीच फूट रुंद एवढी सतरंजी पुरते. गणित करून पाहा. खोली १० फूट रुंद व १२ फूट लांब असेल, तर तिचें क्षेत्रफळ १२० चौरस फूट. अभ्यासाची जागा १० चौरस फूट. म्हणजे घरांतील एका मुलाच्या विद्येसाठीं बापानें खोलीचा बारावा हिस्सा द्यावयाचा, व तोही दिवसांतून दोन-तीन तास. ही मागणी फार मोठी आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

ही सतरंजी दारापासून शेगडीपर्यंतच्या वाटेवर कधींही घालूं नये. घरांत वावरण्याची वाट निदान दोन फूट रुंद मोकळी सोडावी व उरलेल्या जागेंतला कोपरा निवडावा. कारण कोपऱ्यास दोन भिंती फुकट मिळतात. तिसऱ्या बाजूस घरांतील ट्रंका एकावर एक ठेवून त्यांवर गोधड्यांच्या घड्या रचल्या, तर बसलेल्या मुलाच्या डोक्याइतकी भिंत सहज उभी राहते. ट्रंका हलवितां येत नसतील तर जुन्या साडीचा पडदा दोरीवर सोडावा. साडी पातळ असल्यामुळें उजेड अडत नाहीं, आणि कोण आलें, कोण गेलें, हें मुलास दिसत नाहीं. मात्र पडदा शेगडीच्या जवळपास येतां कामा नये. याविषयीं आम्ही पालकांस कळकळीनें बजावून सांगतों.

दिवा एकच असेल, तर त्याचा उजेड उजव्या हातानें लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूनें यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाहीं. दूरचित्रवाणी पाठीशीं असावी. परंतु पाठ फिरविल्यानें चित्र जातें, आवाज जात नाहीं. डोळ्यांस पापण्या आहेत, कानांस नाहींत. येथें सतरंजी एकटी पुरी पडत नाहीं. तिच्याबरोबर वेळेचा करार करावा लागतो. सतरंजी अंथरली कीं आवाज बंद, सतरंजी गुंडाळली कीं सुरू, असा नियम केला तर घड्याळाकडे बोट दाखवून भांडावें लागत नाहीं. मोबाईलचें ठिकाण तर सतरंजीबाहेरच ठरवावें.

शहाबादी फरशीवर पाणी सांडलें कीं सतरंजी घसरते, व तिचा दुमडलेला कोपरा वृद्धांच्या पायांत येतो. खालीं गोणपाट घालावें आणि काम झालें कीं गुंडाळून ठेवावी. आठवड्यांतून एकदां उन्हांत टाकून झटकावी.

वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांस ही विद्या घरच्या मुलांपेक्षां लवकर येते. एका दालनांत आठ-दहा मुलें, प्रत्येकाची एक पेटी व एक वळकटी. दिवसा वळकटी भिंतीशीं, रात्रीं ती पसरली कीं त्या मुलाचें घर तेथें सुरू झालें. दुसऱ्याच्या अंथरुणावर विचारल्यावांचून पाय ठेवूं नये, हा नियम कोणत्याही फळ्यावर लिहिलेला नसतो. तरी तो मोडणाऱ्यास मुलें जी शिक्षा देतात, ती मुख्याध्यापकांच्या शिक्षेहून कडक असते. ज्यांच्या आईबापांस ऊसतोडणीच्या हंगामांत पाथर्डी-शेवगांवकडून दूर साखर कारखान्यांच्या रानांत जाऊन महिनोन्महिने कोपींत राहावें लागतें, त्यांच्यांतीलही कांहीं मुलें वसतिगृहांत असतात. कांहींस आईबापांबरोबर जावें लागतें. पाचट, ताडपत्री व बांबू यांच्या त्या कोपींत उभें राहावयासही जेमतेम जागा. तेथें खताची रिकामी गोणी उसवून, धुऊन, अंथरून तिच्यावर पाढे म्हणणाऱ्या मुलास 'आपली जागा' या शब्दांचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाहीं.

परंतु अंथरलेलें वस्त्र जशी जागा देतें, तशी ती नाकारूंही शकतें, हें सांगितल्यावांचून हा पाठ अपुरा राहील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारा येथील सरकारी शाळेंत दाखल झालें. त्या काळची हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. वर्गांत इतर मुलांमध्यें आपल्या गुणानुक्रमानें बसण्याची त्यांस मोकळीक नव्हती. एका कोपऱ्यांत स्वतंत्र तरटावर त्यांस बसावें लागे. शाळा झाडणारा नोकर त्या तरटास हात लावीत नसे, म्हणून तें रोज सायंकाळीं घरीं न्यावें व सकाळीं परत आणावें लागे. तरटाचा एक तुकडा. भिंत नाहीं, कुलूप नाहीं. तरी एका लहान मुलास त्यानें साऱ्या वर्गापासून तोडलें. वर सांगितलेली अभ्यासाची सतरंजी आणि हें तरट यांत कापडाचा फरक फार थोडा आहे. सतरंजी कोणी अंथरली, बसणाऱ्यास ती हवी होती काय, आणि तिच्यावरून उठून दुसऱ्याच्या शेजारीं बसण्याची त्यास मोकळीक होती काय, एवढ्यावरच सारें अवलंबून आहे. म्हणून ज्या घरांत मुलाची सतरंजी उजेडांत व मुलीची दाराआड अंधारांत पडते, किंवा आजाऱ्याची व म्हाताऱ्याची खाट पडद्यामागें सारून तो पडदा कधीं उघडतच नाहींत, त्या घरानें जागा ठरविली आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

आतां विद्यार्थ्यांस एक काम देतों. भूगोलाच्या वहींत आपल्या घराचा नकाशा काढावा. एक फुटास अर्धा सेंटिमीटर हें प्रमाण धरावें. दार, खिडकी, दिवा व शेगडी दाखवावीं. मग घरांतील प्रत्येक माणसाची बसण्याची व निजण्याची जागा निरनिराळ्या रंगांनीं भरावी. वडिलांची, आजोबांची, धाकट्या भावाची जागा चटकन् सांपडेल. आईची जागा कोणती, हें अंदाजानें भरूं नये. रात्रीं सर्वांचीं अंथरुणें पडल्यावर तिला विचारावें, आणि ती जें दाखवील तेंच काढावें.