जड चाक आणि पंपाची मोटार

जात्यावर दळायला बसले, की पहिला फेरा जड जातो. एकदा जाते फिरू लागले, की हात हलका होतो. हात काढला तरी जाते लगेच थांबत नाही. फिरणाऱ्या वस्तूच्या या हट्टाला जडत्व म्हणतात.

जडत्व नुसत्या वजनावर नसते. कुंभाराच्या चाकाचे वजन कडेला असते, म्हणून काठीने फिरवले की ते बराच वेळ फिरत राहते. तेच वजन मध्यापासून दुप्पट लांब नेले, तर जडत्व चौपट होते.

आता विहिरीवर जाऊ. एका मळ्यात आम्ही गेलो होतो. कांदा पाण्यावाचून सुकत होता. मोटार दोनदा जळली, दोनदा भरून आणली. "३ची काढा, ५ची बसवा," असे कोणी सांगितले होते. मालक त्यासाठी बैल विकायला निघाले होते. आम्ही म्हटले, थांबा, आधी चालू करून पाहू. पुरता वेग यायला १२ सेकंद लागले! पंप पट्ट्यावर चालणारा. त्यावर जुन्या इंजिनाच्या वेळचे ओतीव लोखंडाचे भले जाड चाक तसेच राहिले होते.

सुरू होताना मोटार नेहमीच्या ५-६ पट वीज ओढते. वेग आला की ओढ उतरते. साध्या पंपाच्या पोटातले चाक लहान असते, त्याचे काम १-२ सेकंदांत होते. १२ सेकंद ओढ राहिली, तर आतली तार तापणारच. त्यात वीज सारखी जात-येत असली, तर पहिली उष्णता निघायच्या आत दुसरी भर पडते.

त्याच मापाचे, पण हलके चाक बसवले. मोटार ३ सेकंदांत वेगात आली. बैल गोठ्यातच राहिले.

मोटार घेताना पाणी किती आणि किती उंच चढवायचे, हे आपण सांगतोच. फिरणारा भाग किती जड आहे आणि मोटार तासात किती वेळा सुरू होईल, हेही सांगावे. स्टार-डेल्टा स्टार्टरने सुरुवातीची ओढ एक तृतीयांश होते खरी, पण मोटारीचा जोरही तेवढाच उरतो. जड चाकाला तो पुरेल का, हे विचारून घ्यावे.

लांब नळाच्या मोठ्या योजनांवर मात्र उलटे असते. वीज गेली की हलका पंप चटकन थांबतो, नळातल्या पाण्याला हिसका बसतो आणि नळ फुटू शकतो. म्हणून काही ठिकाणी इंजिनिअर मुद्दाम जड चाक लावतात. पंप हळूहळू थांबतो. तिथे मोटारही ते चाक ओढील अशीच घेतात.