पाना नंतर, आधी मीटर

गाडी चार्जिंग करेना म्हटलं की पहिला हात पान्याकडे जातो. तुझा जाऊ देऊ नकोस. आधी मीटर उचल. माझ्या वस्तादांनी मला हेच शिकवलं. त्यांच्याकडे मीटरही नव्हता. होल्डरात बसवलेला बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी एवढ्यावर ते साताऱ्याच्या पोवई नाक्यावर उभी राहिलेली कुठलीही गाडी चालती करून द्यायचे. तेव्हाच्या फियाटला आणि अँबॅसेडरला डायनामो आणि कटआउट असायचा. आता अल्टरनेटर आहे, तरी आपल्याकडचे जुने वायरमन त्यालाही डायनामोच म्हणतात. त्यात काही बिघडत नाही. पण तपासायची रीत मात्र डायनामोची लावू नये, त्याबद्दल पुढे सांगतो.

ताई म्हणाली, तुझी सॅन स्टॉर्म महिनाभर पत्र्याखाली उभी आहे आणि तू मोबाईलवर नवा अल्टरनेटर शोधतोयस. जरा थांब. १९९८ च्या सुमाराला बाजारात आलेली, गोव्यात बांधलेली ही दोन माणसांची गाडी. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. अशा गाड्या आपल्या मुलखात मोजक्याच. आपल्याच राज्यात अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा रोडस्टर बनली, तिला अँबॅसेडरमधलं इसुझूचं १८०० सीसी इंजिन. या दोन्ही गाड्यांत एक गोष्ट सारखी आहे आणि तुझ्या दुखण्याचं मूळ बहुतेक तिथंच निघेल: बॉडी फायबरची आहे.

पत्र्याच्या गाडीत सगळी बॉडीच निगेटिव्हचं काम करते. दिवा कुठंही लावला तरी त्याचा परतीचा रस्ता जागेवरच मिळतो. फायबरमधून वीज जात नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, पंख्याला, हॉर्नला स्वतंत्र अर्थिंगची वायर खालच्या लोखंडी चौकटीपर्यंत न्यावी लागते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे तेही चौकटीपासून तुटलेलं. इंजिन आणि चौकट यांना जोडणारी एक जाड पट्टी असते. तिचा बोल्ट गंजला, रंगाखाली गेला किंवा कुणी क्लच काढताना ती परत लावायला विसरला, की अल्टरनेटर धडधाकट असूनही बॅटरीपर्यंत काही पोचत नाही. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद होतो का? वायपर लावला की काटे हलतात का? मग अर्थिंगचा दोष पकड. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागत असेल, तर सेल्फचा करंट पट्टी सोडून त्या केबलमधून परत चाललाय. ती केबल जळायच्या आत पट्टी बदल.

बघायचं कसं, ते नीट लक्षात ठेव. इंजिन चालू, हेडलाइट चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर खरवडून टेकव, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर रस्ता मोकळा. अर्धा व्होल्ट दाखवला तर पट्टी खोल, बोल्टखालची जागा चकाकेपर्यंत घास, घट्ट आवळ आणि वरून पेट्रोलियम जेली लाव. मग तेच पॉझिटिव्हला कर: अल्टरनेटरच्या मागचा जाड स्टड आणि बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी. तिथं ०.३ पर्यंत चालेल, त्यापुढे गेला तर लग आणि वायर बघ. नुसत्या लगमध्ये हिरवा गंज चढून मेलेल्या समजलेल्या कितीतरी मशिनी मी पान्याला हात न लावता जिवंत केल्या.

त्यानंतर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा. चावी फिरवली, इंजिन बंद आहे, दिवा लागलाच पाहिजे. आतल्या रोटरला पहिलं चुंबकत्व मिळतं ते याच दिव्यातून जाणाऱ्या करंटवर. बल्ब दोन-सव्वादोन वॉटचा असतो, त्यातून पाव अँपिअरही जात नाही. पण तेवढ्यावाचून मशीन जागं होत नाही. म्हणजे हा छोटा बल्ब उडाला तर चार्जिंग बंद. हल्ली पोरं डॅशबोर्डला एलईडी बसवतात. दिसायला छान, पण त्यातून पुरेसा करंट जात नाही आणि मग गाडी जोरात रेस केल्याशिवाय चार्ज घेत नाही. तू एलईडी बसवला असशील तर आजच काढ आणि मूळचा बल्ब लाव. बल्ब चांगला असून दिवा लागत नसेल तर आतले कार्बन ब्रश झिजलेत किंवा वायर तुटली आहे. आणि इंजिन चालू असताना दिवा अर्धवट मिणमिणत असेल तर डायोडवर संशय धर.

बेल्टबद्दल फार लिहीत नाही. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबावा. बेल्ट पुलीच्या खाचेत दोन्ही कडांवर बसला पाहिजे, तळाला टेकला तर तो चुकीचा किंवा झिजलेला. ताण देताना टॉमी अल्टरनेटरच्या पुलीकडच्या ब्रॅकेटला लाव, मधल्या भागाला कधीच नाही. तिथं जोर पडला की कवच चिरतं.

आता आकडे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीनं १२.६ व्होल्ट दाखवले तर ती भरलेली आहे. इंजिन १५०० आरपीएमवर धरलं की १३.८ ते १४.४ यायला हवेत. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावल्यावरही १३ च्या खाली घसरता कामा नये. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला. तशी गाडी चालवू नकोस, बॅटरी उकळेल. मग मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवरच धर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर आतला एखादा डायोड उडालाय.

वस्तादांची एक खूण मला मीटरपेक्षा प्यारी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी इंजिन गार पडलेलं, आणि अल्टरनेटरच्या पाठीला हात लावल्यावर तेवढाच कोमट लागला, तर डायोड शॉर्ट आहे. बॅटरी रात्रभर त्यातून उलटी वाहत होती. रोज सकाळी बॅटरी बसलेली मिळणाऱ्यानं आधी हा हात लावून बघावा.

आणि आता ती डायनामोची रीत. कुणी कितीही जुना वायरमन असो, चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘बघू गाडी बंद पडते का’ असं करायला लागला, तर त्याचा हात धर. डायनामोच्या काळात ते खपून जायचं. अल्टरनेटरवरून बॅटरी अचानक निघाली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, तुझ्या गाडीतलं कंट्रोल युनिट, सगळं एका झटक्यात जाऊ शकतं. बॅटरीचे टर्मिनल उलटे लागले तरी डायोड जातात. चौकटीला वेल्डिंग करून घ्यायचं असेल तर आधी बॅटरी सोडव, अल्टरनेटरच्याही वायरी काढ आणि मगच वेल्डरला हात लावू दे.

हे सगळं झालं, दोष आतच आहे असं ठरलं, तर मग खोल. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढ. पुढचं ब्रॅकेट, मधला स्टेटर आणि मागचं ब्रॅकेट यांवरून सुईनं एक सरळ रेघ ओढ, म्हणजे परत बसवताना तिन्ही भाग जिथल्या तिथं येतील. मोबाईलवर फोटो काढ, पण रेघही ओढ. मागचं झाकण काढलं की रेग्युलेटर आणि कार्बनची पेटी दिसते. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या मशिनींवर लुकास टीव्हीएसची पाटी असते. त्या घराण्यात कार्बन पेटीबाहेर ५ मिलिमीटरच्या आत आले की बदलायचे. नवा कार्बन पेटीत बोटानं दाबून बघ, स्प्रिंगनं झटकन बाहेर यायला हवा. अडकत असेल तर पेटी पेट्रोलच्या फडक्यानं पूस. बऱ्याचदा काम इथंच संपतं.

मग रोटर. दोन स्लिप रिंगांवर मीटर ओहमला धर, साधारण ३ ते ४ ओहम यावेत. तुझ्या मशीनवर वेगळी पाटी असेल तर तिचा आकडा धर. रिंग आणि शाफ्टमध्ये मात्र काहीच दिसता कामा नये. रिंगा काळ्या पडल्या असतील तर पेट्रोल आणि अगदी बारीक काचपेपर, एमरी नको. लेथवर चढवून घ्यायचा मोह होईल. कुपवाडला एमआयडीसीत चांगले लेथवाले आहेत, तुला पाच मिनिटांत करून देतील. तरी नको. रिंगेचा जीव आधीच थोडका असतो आणि रोटर हजारो आरपीएमवर फिरतो.

स्टेटरच्या तीन टोकांपैकी कुठल्याही दोघांत सारखाच आकडा यावा. नाकानंही काम कर: जळक्या वार्निशचा वास आला, तारा काळ्या दिसल्या की रिवाइंडिंगशिवाय गत्यंतर नाही. सांगली-मिरजेकडं शेतीपंपाच्या मोटारी भरणारे भरपूर आहेत, त्यांचा हात चांगला असतो. पण गाडीचं काम करणाऱ्याकडंच दे, आणि जुन्या तारेची जाडी आणि वेटोळ्यांची संख्या तीच ठेवायला सांग. डायोड मीटरच्या डायोड खुणेवर एका बाजूनं अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतो, उलट्या बाजूनं काही नाही. सोल्डर काढताना डायोडची तार चिमट्याच्या पक्कडीत धर, म्हणजे उष्णता पक्कड पिते आणि डायोड वाचतो. बेअरिंग पुलरनं काढ, हातोड्यानं नाही. कडेवर कोरलेला नंबर बघ आणि दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं तेच आण.

सांगलीत राहतोस म्हणून वेगळं सांगतो. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा किती गाड्या पाण्यात बुडाल्या ते तू पाहिलंस. पुरातून निघालेली गाडी लोक घाईनं सेल्फ मारून बघतात आणि तिथंच अल्टरनेटर मरतो. तशी वेळ आली तर चावी फिरवायच्या आत बॅटरी सोडव. अल्टरनेटर उतरव, खोल, गाळ गोड्या पाण्यानं धू, दोन-चार दिवस उन्हात वाळव आणि बेअरिंग न बघता नवी टाक. कृष्णेचा गाळ फार बारीक असतो, सीलच्या आत शिरलेला कधीच निघत नाही.

‘जास्त अँपिअरचा बसवू का’ असं ताईकरवी विचारलंस. आधी हिशेब कर. खाली पाडलेले हेडलाइट ५५ वॉटचे दोन, म्हणजे ९ अँपिअर. मागचे-पुढचे छोटे दिवे २, वायपर ४-५, ब्लोअर ६, रेडिएटरचा पंखा ८ ते १०, इग्निशन आणि पेट्रोल पंप मिळून ८. पावसात पसरणीचा घाट रात्री चढताना हे सगळं एकदम चालू असतं, ३७ ते ४० अँपिअर झाले. पाटीवर ३६ लिहिलेलं मशीन तेवढं देतं तेही भरपूर आरपीएमवर; ट्रकमागं रांगताना त्याच्या निम्मंही नाही. म्हणून घाटात एक गिअर खाली ठेवत जा, गरज नसेल तर ब्लोअर बंद. एवढ्यानं भागतं. मोठा बसवायचाच असेल तर बॅटरीपर्यंतची वायरही जाड घाल, नाहीतर जुनी वायर वितळेल, आणि फायबर पेट घेतं हे विसरू नकोस.

वाटेत लाल दिवा लागला तर घाबरू नकोस, आधी बेल्ट शाबूत आहे का बघ. ज्या गाडीत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर आहे, ती बेल्ट तुटल्यावर एक मैलही पुढं नेऊ नये. बेल्ट ठीक असेल तर सगळा लोड बंद कर, इंजिन बंद करू नकोस, आणि दिवसाउजेडी चालत राहा. भरलेल्या ४० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर नुसतं इग्निशन आणि पंप दोन-अडीच तास सहज ओढतात. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये कुठं थांबून सेल्फ मारला नाहीस तर पोचशील.

तेव्हा नवा अल्टरनेटर मागवू नकोस. आधी पट्टी, बल्ब, बेल्ट आणि व्होल्टचे आकडे बघ, आणि तारीख घालून वहीत लिही. तरीही आतलंच दुखणं निघालं तर मशीन उतरवून साताऱ्याला घेऊन ये. येताना कार्बनचा जोड आणि दोन्ही बेअरिंग आण. पुलर माझ्याकडं आहे.