संगणकातील गोफण : खेळातून पदार्थविज्ञान

विज्ञान हा शब्द कानी पडला की कला शाखेतील आपणा पुष्कळ जणांच्या कपाळावर आठी उमटते. दहावीच्या परीक्षेबरोबर सूत्रे संपली, प्रयोगवही संपली, आता पुन्हा त्या वाटेला जाणे नको, अशी मनाची समजूत आपण करून घेतलेली असते. मग बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने पदार्थविज्ञानावर लेख का लिहावा, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझा धाकटा भाऊ आठवीत आहे. त्याच्या पुस्तकातील शंका घरात विचारायच्या तर त्या मलाच. शिकवणी लावण्याइतकी ऐपत नाही, आणि ज्या शाळेत मी शिकले तेथे प्रयोगशाळेच्या कपाटाला बहुधा कुलूपच असे. अशा मुलांना 'असे केले तर काय होईल?' हे करून पाहण्याची जागा कोठे आहे, याचा शोध घेताना मला जे सापडले ते येथे मांडीत आहे.

संगणकातील अंगण

लहान मूल अंगणातल्या वाळूत किल्ला करते, बोगदा खोदते, पाणी सोडते, ढासळले तर पुन्हा रचते. त्याला कोणी गुण देत नाही आणि कोणी रागावत नाही. संगणकावर पदार्थविज्ञानाचे असेच अंगण तयार करणारी सॉफ्टवेअर आता उपलब्ध आहेत. कोऱ्या पडद्यावर आपण चेंडू काढावा, फळी काढावी, उतार काढावा, दोरी बांधावी, आणि 'सुरू' हे बटण दाबावे. काढलेल्या वस्तू लगेच खऱ्यासारख्या वागू लागतात. चेंडू घरंगळतो, फळी कलते, दोरी ताणली जाते. हे चित्रपटासारखे आधी काढून ठेवलेले नसते. संगणक न्यूटनचे गतिविषयक नियम वापरून प्रत्येक क्षणी वस्तूची जागा आणि वेग यांचे गणित करतो. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

या कल्पनेला काही इतिहास आहे. मुलांनी संगणकाला आज्ञा देत देत गणित शिकावे यासाठी १९६७ साली अमेरिकेत 'लोगो' ही भाषा तयार झाली. तिच्या निर्मात्यांपैकी सेमूर पेपर्ट यांनी १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक लिहिले. मुलाला नियमांचे एक छोटे जग हाती द्यावे आणि त्यात त्याने स्वतः भटकावे, हा विचार त्यांनी त्यात मांडला. पुढे २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. वायमन हे २००१ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत. लंबक, प्रक्षेपित वस्तूची गती, विजेचे मंडल अशा विषयांवरील 'फेट'ची सिम्युलेशन विनामूल्य आहेत. त्यांतील अनेकांचे मराठी रूपही मिळते. एकदा उतरवून घेतली की ती इंटरनेटवाचून चालतात. आपल्यासारख्यांना ही सोय मोठी आहे.

वाळूच्या अंगणाची उपमा ज्याला सर्वांत नेमकी लागू पडते ते सॉफ्टवेअर म्हणजे 'अल्गोडू'. स्वीडनमधील उमिओ विद्यापीठात एमिल अर्नरफेल्ट या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रकल्प म्हणून 'फन' नावाचा कार्यक्रम लिहिला आणि तो २००८ साली लोकांपुढे आला. त्याचेच पुढचे रूप म्हणजे अल्गोडू. यात गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध बंद करता येतात, वस्तू लाकडाची, दगडाची, बर्फाची वा रबराची करता येते, आणि वस्तू ज्या वाटेने गेली ती वाट रेषेने उमटविता येते.

एक धडा : गोफण

आता प्रत्यक्ष धड्याकडे वळू. ज्वारी कणसावर आली की पाखरे राखण्यासाठी आपल्याकडे गोफण वापरीत. नव्या पिढीतील मुलांनी ती क्वचितच पाहिलेली असते. मी आमच्या गल्लीतील तीन मुलांना जमवून विचारले, "गोफण डोक्याभोवती गरगर फिरते आहे. दोरीचे एक टोक सोडले, तर दगड कोणत्या दिशेने जाईल? बोलू नका, वहीत बाण काढा." एकाने बाण वर्तुळाच्या बाहेर, मध्यापासून थेट दूर जाणारा काढला. दुसऱ्याने दगड वळत वळत जाईल असे दाखविले. तिसरीने वर्तुळाला नुसती स्पर्श करून जाणारी सरळ रेषा काढली. ओसरीवर बाबा बसले होते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण लहानपणी त्यांनी माळ्यावर बसून पाखरे राखली आहेत. तिन्ही वह्या पाहून त्यांनी तिसरीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "दोर सुटली का गोटा सरका जाते, माय. म्हून तं समोर पाखरू दिसायच्या आंधीच सोडा लागते."

यानंतर आम्ही वर्गातील एका मैत्रिणीकडून दोन दिवसांसाठी आणलेला लॅपटॉप उघडला. अल्गोडूमध्ये गुरुत्वाकर्षण आणि हवा दोन्ही बंद केली. एक खिळा, त्याला साखळी, साखळीच्या टोकाला चेंडू. चेंडूला वेग दिला, तो फिरू लागला. मध्येच खेळ थांबवून साखळीची एक कडी पुसली आणि पुन्हा सुरू केला. चेंडू स्पर्शरेषेवरून सरळ निघून गेला. मुलांनी कडी वेगवेगळ्या ठिकाणी पुसून पाहिली. प्रत्येक वेळी दिशा बदलली, पण स्पर्शरेषा चुकली नाही.

याचे कारण असे. फिरणाऱ्या दगडावर दोरीची ओढ मध्याकडे असते. ती ओढ दगडाला क्षणोक्षणी वळवीत राहते. दोरी सुटताच वळविणारे काही उरत नाही. म्हणून न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे त्या क्षणी जी दिशा असेल त्याच दिशेने दगड सरळ जातो. बाहेर ओढणारे बल दगडावर नसतेच. हात दगडाला आत ओढतो आणि तेवढ्याच बलाने दोरी हाताला बाहेर ओढते. हाताला जाणवलेली ती ओढ आपण दगडाच्या नावावर मांडतो.

पुढची पायरी म्हणून गुरुत्वाकर्षण सुरू केले. आता सुटलेला चेंडू कमान करून खाली येऊ लागला. दगड दर सेकंदास २० मीटर या वेगाने सुटला आणि हवेचा विरोध धरला नाही, तर गणिताने पुढील अंतरे येतात :

३० अंशांचा कोन : सुमारे ३५ मीटर
४५ अंशांचा कोन : सुमारे ४१ मीटर
६० अंशांचा कोन : सुमारे ३५ मीटर

तीस आणि साठ अंशांचे अंतर सारखेच आलेले पाहून माझा भाऊ चकित झाला. दोन निरनिराळ्या कमानी, एक बसकी आणि एक उंच, पण दगड एकाच ठिकाणी पडतो! मग त्याने स्वतःहून विचारले, "ताई, चंद्रावर गोफण मारली तर?" चंद्रावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश आहे. तो आकडा घालताच ४५ अंशांचा दगड सुमारे २४७ मीटरपर्यंत गेला. हा प्रश्न त्याच्या पाठ्यपुस्तकात नव्हता. तो त्याचा स्वतःचा होता, आणि माझ्या मते त्या दिवशीची खरी कमाई हीच.

हा धडा कोणास घ्यावयाचा असल्यास तीन पथ्ये पाळावीत. पहिले, बटण दाबण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा. नाहीतर मुले नुसती गंमत पाहतात. दुसरे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तिसरे, पडद्यावर जे दिसले ते शक्य तेथे हाताने करून पाहावे. सुतळीला चिंध्यांचा चेंडू बांधून मोकळ्या जागेत फिरविला तरी स्पर्शरेषेचा पडताळा येतो.

हाताने करण्याची परंपरा

हे तिसरे पथ्य महत्त्वाचे आहे. ते सांगणारी माणसे आपल्या देशात संगणकाच्या पूर्वीपासून आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. साध्या साहित्यातून मुलांनी स्वतः प्रयोग करावेत, हे त्याचे सूत्र होते. तो २००२ साली बंद करण्यात आला, परंतु त्याची शिकवण टिकली. त्या कार्यक्रमाच्या संपर्कात आलेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची रबरी नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून शेकडो खेळणी तयार केली. पुढे पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या गावात संगणक नाही तेथेही काड्या आणि सुतळी मिळतात, हे आपण विसरू नये.

अंगणाची कुंपणे

संगणक सांगतो ते सर्व खरे, असे मात्र मुळीच नाही. याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून ते बेसाल्ट खडकात आहे. अल्गोडूमध्ये जमीन काढून तिच्यावर कितीही वेगाने दगड टाकला, तरी लोणार तयार होत नाही. दगड आपटतो, उसळतो आणि थांबतो. कारण त्या अंगणात वस्तू कठीण धरलेल्या आहेत. प्रचंड आघाताने खडक वितळतो, त्याची काच होते, हे नियम त्यात घातलेलेच नाहीत. जे नियम आत घातले, त्यांचेच परिणाम बाहेर येतात.

लोणार हे ज्वालामुखीचे विवर असावे, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. तो वाद जमिनीनेच मिटविला. विवरात छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत आघाताच्या खुणा सापडल्या. खनिजाचे काचेत रूपांतर झालेले मॅस्केलिनाइट त्यांत होते. फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७३ साली प्रसिद्ध केले. अशनीच्या आघाताचे गणित करणारी मोठी सिम्युलेशन शास्त्रज्ञ वापरतात, पण त्यांचीही परीक्षा शेवटी अशा खडकांपुढेच होते. म्हणून मुलाला अंगण दाखविताना त्याची कुंपणेही दाखवावीत. 'हा संगणक काय धरून चालला आहे?' हा प्रश्न विचारता येणे, हेही विज्ञानच होय.

आपला संबंध

कला शाखेच्या आपणांस हा विचार परका वाटू नये. डॉ. जयंत नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. जगाचा एखादा नियम वा एखादी घटना बदलून 'मग काय होईल?' हे शेवटपर्यंत तर्काने पाहणे, हीच अशा कथेची रीत असते. आठवीतला मुलगा गोफण चंद्रावर नेतो तेव्हा तोही तेच करीत असतो. कल्पना करायला त्याला मोकळीक आहे, आणि नियम त्याला भरकटू देत नाहीत.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळ जण गावाकडून येतात आणि सुट्टीत गावी जातात. महाविद्यालयाच्या संगणकावर ही सिम्युलेशन उतरवून घेता येतील. प्रत्येकाने सुट्टीत चार मुले जमवून एक धडा जरी घेतला, तरी ज्यांना घरी विचारायला कोणी नाही अशा मुलांना प्रश्न विचारण्याची सवय लागेल. त्यासाठी विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. आणि धडा घेताना घरातील वडीलधाऱ्यांनाही जवळ बसवावे. गोफण, मोट, तिफण, बैलगाडीचा उतार यांविषयी त्यांच्या हाताला जे ठाऊक आहे, ते आपल्या वहीत अजून उतरायचे आहे.