गुरे आली, गुराखी आला काय?

चित्र पाहणे म्हणजे केवळ रंग पाहणे नव्हे. चितारी कोणास समोर ठेवितो व कोणास पाठमोरा, हेही पाहावे. आज आम्ही असेच एक चित्र वाचकांपुढे ठेवितो.

फ्लँडर्सचा चितारी पीटर ब्रूगेल याने १५६५ साली अँटवर्प नगरातील एका व्यापाऱ्यासाठी ऋतूंची चित्रे काढिली. त्यांपैकी पाच उरली आहेत. 'गुरांचे परतणे' हे शरदाचे चित्र व्हिएन्ना येथील संग्रहालयात असून सुमारे ५ फूट रुंद आहे. ब्रूगेलचा मुलूख सपाट. परंतु तरुणपणी तो आल्प्स पर्वत ओलांडून इटलीस गेला होता. त्या पर्वतात उन्हाळाभर गुरे उंच कुरणांवर चरतात व हिवाळ्यापूर्वी खाली गावी आणितात. चित्रात झाडांची पाने गळाली आहेत, उजवीकडून काळे ढग चढत आहेत, आणि गुराखी काठ्या घेऊन गुरांस गावाकडे हाकीत आहेत. गाईंची अंगे स्पष्ट दिसतात. गुराखी मात्र बहुतेक पाठमोरे.

आता आपल्या आरमोरीकडे पाहू. आश्विन-कार्तिकात वैनगंगेकाठच्या बांध्यांत धान उभे असते. म्हणून ढोरकी गुरे रानात नेतो व सायंकाळी परत आणितो. तेथील परतणे वर्षातून एकदा, येथील रोजचे. तेथे भय वादळाचे, येथे वाघाचे. गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा या जिल्ह्यांत १३ माणसांचा जीव घेणारा 'सीटी-१' हा वाघ वनखात्याने १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा वनात पकडला. तो गेला, तरी रानात वाघ आहेतच.

दिवाळीच्या पाडव्यास गायगोधनाच्या वेळी गोवारी नाचतात व गाव त्यांचा मान करितो. हे योग्यच. परंतु उरलेल्या दिवसांत काय? संध्याकाळी आपण दारात उभे राहून आपली गुरे मोजितो. एखादी कालवड कमी भरली तर कंदील घेऊन निघतो. ढोरकी घरी पोहोचला की नाही, हे कोण विचारितो?

म्हणून या चित्रावरून तीन गोष्टी शिकाव्या. ढोरक्यास एकट्यास रानात धाडू नये, सोबती द्यावा. दिवस मावळण्यापूर्वी परतण्याची त्यास मोकळीक असावी, गुरे अर्धपोटी राहिली तरी बोल लावू नये. आणि गुरे मोजून झाल्यावर त्यासही मोजावे. चितारी ज्यास पाठमोरा दाखवितो, त्याचे तोंड आपण तरी ओळखावे.