वापरलेली चामडी पर्स : ओळख, सफाई आणि डागडुजी

जुनी चामडी पर्स घरात येते ती बहुधा बऱ्या स्थितीत. तिची वाट लागते ती घरी आणल्यानंतरच्या सफाईत. ओले फडके, अंगाचा साबण, खोबरेल तेल आणि गच्चीवरचे ऊन हे चार उपाय नाशिककडच्या घरांत सर्रास होतात आणि चारही चामड्याला मारक ठरतात. मावशीच्या कपाटातून आलेली असो, मुंबईच्या चोर बाजारातून उचललेली असो किंवा मोबाइलवर पाहून मागवलेली असो, वापरलेली पर्स सुधारण्याचा क्रम एकच आहे. आधी चामडे ओळखावे, मग कोरडी सफाई करावी, ओलावा अगदी शेवटी आणि बेताने वापरावा.

चामडे म्हणजे काय

जनावराच्या कातड्यात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू असतात. कमावण्याच्या प्रक्रियेत ते तंतू स्थिर केले जातात, म्हणून कातडे कुजत नाही आणि वाळून लाकडासारखे होत नाही. कमावण्याच्या मुख्य रीती दोन. वनस्पतिज रीतीत झाडांची साल आणि फळे वापरतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते. महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या जिल्ह्यांत होणाऱ्या या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या रीतीत क्रोमियमचे क्षार वापरतात. बाजारातल्या मऊ, लवचीक, रंगीत पर्सपैकी बहुतेक क्रोम चामड्याच्या असतात.

सफाईच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की तयार चामडे किंचित आम्लधर्मी असते. त्याचा सामू साधारण 4 ते 5 च्या आसपास राहतो. अंगाचा आणि कपड्यांचा साबण अल्कधर्मी, सामू 9 ते 10. साबणाचे पाणी चामड्यात मुरले की कारखान्यात तंतूंमध्ये भरलेली स्निग्धता निघून जाते आणि वाळल्यावर चामडे कडक होऊन घडीवर तडकते. खायच्या सोड्यानेही हेच होते. भांडी, कपडे आणि फरशी यांना लागू पडणारे उपाय चामड्याला लागू पडत नाहीत, याचे कारण हे आहे.

ओळख पटवणे

पर्स उजेडात धरून आतल्या शिवणीजवळची कापलेली कड पाहावी. कडेला तंतूंचा दाट, केसाळ थर दिसला तर चामडे. विणलेल्या कापडावर पातळ पापुद्रा दिसला तर रेक्झीन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). वनस्पतिज चामड्याची कड तपकिरी असते, क्रोम चामड्याच्या कडेत पुष्कळदा निळसर राखाडी छटा दिसते. काडी लावून जाळून पाहण्याची जुनी युक्ती पर्सही बिघडवते आणि नीट उत्तरही देत नाही.

पीयूचा पापुद्रा सुटू लागला असेल तर ती पर्स घेऊ नये. हवेतल्या बाष्पाने पॉलियुरेथेनची साखळीच तुटत जाते. अशा पर्सला कोणतेही क्रीम उपयोगी पडत नाही आणि आज एका कोपऱ्यात सुटलेला पापुद्रा पुढच्या पावसाळ्यात सगळीकडे सुटतो.

चामडे असल्याची खात्री झाली की न दिसणाऱ्या जागी, म्हणजे झाकणाच्या आत किंवा पट्ट्याच्या मागे, पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब तसाच मोत्यासारखा राहिला तर चामड्यावर रंगाचा संरक्षक थर आहे आणि ते ओलसर फडके सहन करते. थेंब लगेच शोषला जाऊन डाग गडद झाला तर चामडे उघडे आहे. त्याला पाणी, स्पिरिट आणि क्रीम तिन्ही जपून.

मराठी घरांत हमखास सापडणारी शांतिनिकेतनी पर्स या दुसऱ्या गटात धरावी. ती शेळीच्या वनस्पतिज चामड्याची असते, नक्षी दाबून उठवलेली असते आणि रंग हाताने भरलेले असतात. ओल्या फडक्याने तिचा लाल रंग पिवळ्यात उतरू शकतो. तिला कोरड्या मऊ ब्रशपलीकडे काही करू नये.

कोरडी सफाई, मग ओलसर

पर्स पूर्ण रिकामी करून अस्तर बाहेर ओढावे. नाणी, पिना, तिकिटे आणि फुटलेल्या पुड्यांची भुकटी शिवणीत अडकलेली असते. अस्तर बारीक तोंडाच्या व्हॅक्यूमने किंवा जुन्या टूथब्रशने झाडावे. आपल्याकडच्या पर्सच्या अस्तरावर हळदीकुंकवाच्या पुडीचे डाग नेहमीचे. हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल होतो, कारण हळदीतले रंगद्रव्य अल्कात रंग बदलते. तेच रंगद्रव्य उजेडात फिके पडते. म्हणून फक्त अस्तर बाहेर काढून, चामड्याचा भाग जाड कापडाने पूर्ण झाकून, अस्तराला थोडा वेळ कोवळे ऊन दाखवणे हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

बाहेरची बाजू मऊ ब्रशने किंवा धुवट सुती कापडाने पुसावी. निम्मा मळ इथेच जातो. थेंबाच्या चाचणीत टिकलेल्या चामड्यासाठी पुढे स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके वापरावे. फक्त डागावर घासू नये. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत पूर्ण भाग एकसारखा पुसावा, नाहीतर वाळल्यावर पाण्याची कड उमटते. नंतर आत जुन्या सुती कापडाचे बोळे भरून पर्स सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. वर्तमानपत्राचे बोळे भरले तर शाई फिक्या अस्तराला लागते. उन्हात किंवा गरम हवेच्या झोताखाली वाळवलेले ओले चामडे आकसते आणि पुन्हा मूळ मापावर येत नाही.

तेलाच्या ताज्या डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर रात्रभर ठेवून सकाळी झाडावे. बॉलपेनच्या शाईला घरगुती इलाज नाही. सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा अत्तर लावल्याने शाई पसरते आणि चामड्यावरचा रंगही निघतो. बोटभर रेघेचा तळहाताएवढा पांढरा चट्टा होतो. बाळाचे ओले वाइप्सही वारंवार वापरल्यास वरचा थर चिकट करतात.

तेलाचा मोह

चामडे कोरडे दिसले की खोबरेल तेल चोळण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. प्रस्तुत लेखिकेकडे आलेली एक तपकिरी पर्स या सवयीचा नमुना होती. आधीच्या घरी तिला पिढीजात विश्वासाने तेल लावले जात होते. पावसाळ्याअखेरीस ती नुसती गडद आणि जड वाटत होती. डिसेंबरात तिच्या घड्यांवर, शिवणीलगत आणि पट्ट्याच्या भोकांभोवती पांढरट थर उमटला. पाहणाऱ्या प्रत्येकाने ती बुरशी ठरवली आणि पर्स फेकून देण्याचा सल्ला दिला.

ती बुरशी नव्हती. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठते. नाशिकचा हिवाळा कडक, रात्रीचे तापमान त्याच्या पुष्कळ खाली जाते, तेव्हा बाटलीतल्या तेलाप्रमाणे चामड्यातले तेलही पृष्ठभागावर येऊन गोठते. फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. केस वाळवण्याचे यंत्र मंद आचेवर, हातभर अंतरावरून काही क्षण धरावे. थर वितळून दिसेनासा झाला तर ती चरबी. तसाच राहिला किंवा भुरभुरीत केसाळ दिसला तर बुरशी. चरबी असेल तर वितळताच कोरड्या कापडाने टिपावी आणि ही क्रिया अधूनमधून पुन्हा करावी. थर हळूहळू कमी होतो, मात्र तेलाने आलेला काळपटपणा जात नाही. शिवाय खाद्यतेल चामड्यात खवट होते, वास धरते आणि धूळ ओढून घेते.

चामड्याला स्निग्धता हवीच असेल तर बॅगांसाठी मिळणारे बिनरंगी लेदर क्रीम वापरावे. ते मटारच्या दाण्याएवढे कापडावर घ्यावे, आधी न दिसणाऱ्या जागी लावून एक दिवस वाट पाहावी, मग पातळ हात फिरवून उरलेले पुसून टाकावे. वर्षातून एकदोनदा पुरते. बुटाचे रंगीत पॉलिश पर्सला लावू नये. ते खांद्यावरच्या पट्ट्यावरून साडीला आणि कुर्त्याला उतरते.

स्वेड आणि नुबक

स्वेड ही चामड्याची आतली, लव असलेली बाजू. नुबक ही बाहेरचीच बाजू, पण घासून मखमली केलेली. दोन्हींवर संरक्षक थर नसतो, म्हणून दोन्हींना पाणी, क्रीम आणि मेण वर्ज्य. डिटर्जंटमध्ये बुडवलेली स्वेडची पर्स वाळल्यावर पापडासारखी कडक होते आणि तिचा रंग ठिकठिकाणी उडतो. धुलाईच्या दुकानात अशी पर्स देण्यापूर्वी तिथे स्वेडचे काम होते का, हे स्पष्ट विचारावे. गुळमुळीत उत्तर मिळाले तर पर्स परत आणावी.

घरचे काम तीन साधनांत होते : रबराचा किंवा मऊ केसांचा स्वेड ब्रश, पांढरा खोडरबर आणि टाल्कम पावडर. ब्रश आधी एकाच दिशेने फिरवून धूळ काढावी, मग उलट दिशेने लव उभी करावी. काळे ओरखडे खोडरबराने हलक्या हाताने निघतात. तेलाच्या डागावर पावडर रात्रभर ठेवावी. हात लागून गुळगुळीत झालेल्या जागेवर किटलीची वाफ वीतभर अंतरावरून क्षणभर द्यावी आणि लगेच ब्रश फिरवावा. दबलेली लव बरीच वर येते. पावसात भिजलेली स्वेडची पर्स ओली असताना घासू नये. सावलीत पूर्ण वाळू द्यावी, मगच ब्रश.

जुन्या गडद स्वेडची आणखी एक परीक्षा घ्यावी. पांढरे कोरडे फडके तिच्यावर चोळून पाहावे. रंग फडक्यावर उतरला तर ती पर्स फिक्या कपड्यांबरोबर वापरू नये.

पावसाळा आणि बुरशी

नाशिक शहरात जून ते सप्टेंबर हवेत ओल असते. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरकडे पाऊस कितीतरी जास्त आणि ओल तेवढीच चिवट. हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की चामड्यावर बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट, बंद प्लास्टिकची पिशवी आणि न पुसता ठेवलेली पर्स या तिन्ही गोष्टी जुळल्या तर ती येणारच.

बुरशी आलेली पर्स घराबाहेर न्यावी, तोंडावर मास्क बांधावा आणि मऊ ब्रशने थर अंगापासून दूर झाडावा. ब्रश लगेच धुवावा आणि फडके टाकून द्यावे. पर्स उघडी ठेवून सावलीत पंख्याखाली दोनतीन दिवस वाळवावी. रंगाचा थर असलेल्या चामड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून, फडके जेमतेम ओलसर करून, चाचणी घेऊन पुसता येते. काम शेगडीपासून दूर करावे. उघड्या चामड्यावर, शांतिनिकेतनी पर्सवर आणि स्वेडवर हा उपाय करू नये. कुबट वास राहिला तर उघड्या वाटीत खायचा सोडा किंवा कोळसा घेऊन ती वाटी पर्ससोबत बंद खोक्यात काही दिवस ठेवावी. सोडा चामड्यावर सांडू देऊ नये.

साठवण सुती पिशवीत करावी. आत कापडाचे बोळे भरावेत, पट्टा दुमडू नये, पर्स खुंटीला टांगू नये. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओल धरल्यावर बदलाव्यात. गणपतीच्या सुमारास आणि दसऱ्याच्या आवराआवरीत कपाट उघडून प्रत्येक पर्स हाताळावी. हवा लागलेल्या पर्सला बुरशी सहसा धरत नाही.

कड्या, शिवण आणि रंग

पितळी कडी आणि रिबिटाभोवती साचणारा हिरवा चिकट पदार्थ चामड्यातल्या स्निग्ध आम्लांची पितळेतल्या तांब्याशी अभिक्रिया होऊन बनतो. तो दात कोरायच्या काडीने आणि कोरड्या कापडाने काढावा. भांडी घासायची पावडर, चिंच किंवा लिंबू लावले तर पितळ उजळते, पण भोवतीच्या चामड्यावर कायमचा डाग पडतो. अडकणाऱ्या चेनच्या दातांवर मेणबत्ती फिरवली की रनर सरकतो.

उसवलेली शिवण, तुटलेला पट्टा आणि निकामी रनर ही कामे रस्त्याकडेच्या स्टॉलवर बसणारे गटई कामगार उत्तम करतात. काम देताना दोन गोष्टी सांगाव्यात : आरीने जुन्याच भोकांतून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवावे आणि बाहेरच्या बाजूला सोल्युशन लागू देऊ नये. नवी भोके पाडली की चामडे त्या रेषेवर फाटते, आणि चिकटपदार्थाचा पिवळा डाग निघत नाही. या कारागिरांचे कौशल्य नव्या पर्सच्या किमतीपुढे फार स्वस्तात मिळते. मजुरीत घासाघीस करू नये.

कडांचा रंग उडाला असेल तर चामड्याचा खास रंग थोडा थोडा लावता येतो. सगळी पर्स रंगवण्याचे काम मात्र अनुभवी माणसाकडेच द्यावे. हात लावताच लालसर भुकटी सुटणारे फार जुने वनस्पतिज चामडे ही वेगळी बाब आहे. हवेतल्या आम्लांनी त्याचे तंतूच मोडलेले असतात. पाणी किंवा क्रीम लागले की ते काळे पडून कडक होते. अशी वस्तू वापरात आणू नये, कापडात गुंडाळून आठवण म्हणून ठेवावी.

थोडक्यात, शिवण, चेन, वास, वरचा मळ आणि दबलेली लव सुधारते. शाई, तेलाचा काळपटपणा, आकसलेले चामडे आणि सुटलेला पीयू सुधारत नाही. वापरलेली पर्स घेताना ही यादी मनाशी ठेवून किंमत ठरवावी. घरी आणल्यावर कोणताही उपाय आधी न दिसणाऱ्या जागी करावा, एक दिवस थांबावे आणि शंका असेल तर काहीच करू नये.