दोन संगणक, एक फोल्डर

एखाद्या ग्रंथालयाची मुख्य कचेरी एका गावी व शाखा दुसऱ्या गावी आहे, अशी कल्पना करावी. दोन्हीकडील संगणकांवर ग्रंथसूचीचा एकेक फोल्डर आहे. एकीकडे नोंद होताच ती दुसरीकडेही दिसावी, अशी अपेक्षा असते. हे काम नुसती नक्कल करण्याचे आहे असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः त्यात तीन निरनिराळे प्रश्न आहेत : बदल झाल्याचे कळणे, बदललेला तेवढाच भाग पाठविणे, आणि दोन्हीकडे बदल झाला असता निर्णय करणे.

बदलाची वार्ता

ठराविक वेळाने सर्व फाइलींचा आकार व शेवटच्या बदलाची वेळ पडताळणे, ही सर्वांत सरळ रीत होय. परंतु फाइली लाखांच्या घरात गेल्या म्हणजे हा खटाटोप फार होतो, आणि दोन तपासण्यांच्या मध्ये झालेला बदल तोवर खोळंबून राहतो. यावर उपाय म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच वार्ता मिळविणे. कारण फाइलीत काही लिहावयाचे झाल्यास ते तिच्याच मार्फत लिहिले जाते. लिनक्समध्ये २००५ साली ‘आयनोटिफाय’ ही सोय आली. प्रोग्रॅमने एखादा फोल्डर नोंदवून ठेवला, की त्यात फाइल निर्माण झाली, बदलली अथवा पुसली गेली असता लागलीच सूचना मिळते. मात्र सूचनांच्या रांगेला मर्यादा असते. ती भरून गेल्यास काही सूचना गळतात. म्हणून अधूनमधून संपूर्ण तपासणीही करावी लागते.

फरकापुरतीच रवानगी

मोठ्या फाइलीत एकच ओळ बदलली तर सारी फाइल पुन्हा धाडणे हा अपव्यय होय. फाइलीचे सारखे तुकडे पाडून ते क्रमाने ताडून पाहणेही पुरेसे नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. फाइलीच्या आरंभी एक ‘अ’ घातला, की पुढील सर्व मजकूर ३ बाइट सरकतो आणि तुकडे जुळेनासे होतात.

ही अडचण ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ‘आरसिंक’ पद्धतीने दूर केली. ज्या संगणकावर जुनी प्रत आहे तो तिच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन अंकरूप खुणा पाठवितो. एक चटकन काढता येणारी, दुसरी अधिक काटेकोर. दुसरा संगणक आपल्या नव्या प्रतीवरून तेवढ्याच लांबीची चौकट एकेक बाइट पुढे सरकवितो. बाहेर पडलेल्या बाइटाचा हिस्सा वजा करून आत आलेल्याचा मिळविला, की पहिली खूण नव्याने तयार होते. सारे गणित पुन्हा करावे लागत नाही. पहिली खूण जुळली तर दुसरीने खात्री करून घेतली जाते. अखेर जो मजकूर जुळला नाही तेवढाच पाठविला जातो.

दोन बदलांचा तंटा

संपर्क तुटला असताना कचेरीत व शाखेत एकाच फाइलीत बदल झाला, तर कोणता ग्राह्य धरावा? ‘उशिराचा तो खरा’ हा नियम फसवा आहे, कारण दोन संगणकांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. घड्याळावर विसंबून न राहता घटनांचा क्रम कसा लावावा, याचे विवेचन लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली केले. प्रत्येक फाइलीबरोबर कोणत्या संगणकाने किती बदल केले याची मोजदाद ठेवण्याची पद्धत १९८३ साली मांडली गेली. समजा, कचेरीच्या प्रतीवर ३ व २, आणि शाखेच्या प्रतीवर २ व २ असे आकडे आहेत. तर कचेरीची प्रत निःसंशय नवी होय. परंतु शाखेचे आकडे २ व ३ असल्यास कोणतीही प्रत दुसरीवरून झालेली नाही. अशा वेळी दोन्ही प्रती राखून निर्णय माणसावर सोपविणे हेच श्रेयस्कर.

पुसण्याचा धोका

पुसणे हाही एक बदलच आहे. त्याची नोंद ठेवली नाही, तर पुसलेली फाइल दुसऱ्या संगणकावरून ‘नवी’ म्हणून परत येते. नोंद ठेवली, तर चुकून पुसलेली फाइलही काही क्षणांत सर्व ठिकाणांहून नाहीशी होते. बिघडलेल्या फाइलीचेही तसेच; बिघाड तितक्याच तत्परतेने सर्वत्र पोहोचतो. म्हणून असा फोल्डर कितीही संगणकांवर असला, तरी त्यास सुरक्षित साठा समजणे चुकीचे आहे. ग्रंथसूची जपावयाची असेल, तर तिची तारीखवार प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून अलग ठेवावी लागते.