माणसाच्या नावाची धून

आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर काउंटीत राहायला आल्यावर मी फिडल, म्हणजे व्हायोलिन, शिकले आणि पुढे घरच्यांसाठी, मित्रमंडळींसाठी धुना बांधू लागले. इथली ही जुनी रीत. अंध हार्पवादक टर्लो ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) घोड्यावरून गावोगाव फिरायचा आणि ज्याच्या घरी उतरायचा त्याच्या नावे रचना करायचा. 'फॅनी पॉवर', 'प्लँक्स्टी अर्विन' अशा त्याच्या दोनशेहून अधिक रचना टिकल्या आहेत. यजमान गेले, त्यांची नावं अजून वाजतात. या वाटेवर मला जे उमगलं, ते सांगते.

१. आधी माणसाची लय ऐका.
इथल्या नाचाच्या धुनांपैकी रील चार-चारच्या लयीत सरळ धावते. जिग सहा मात्रांची, तीन-तीनच्या गटांत, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या मापाची. हॉर्नपाइप ठाम पावलांचा, किंचित झुलता. माझे बाबा कितीही घाईत असले तरी पाऊल मोजून टाकतात, म्हणून त्यांच्या नावे हॉर्नपाइप बांधला. आत्या बोलायला लागली की एका गोष्टीतून दुसरी कधी निघाली ते कळत नाही. तिला रीलच हवी होती. सूर नंतर सुचले, लय त्या माणसांनीच दिली.

२. साचा मोडू नका.
आठ बारांचा, म्हणजे लयीच्या आठ मापांचा, पहिला भाग दोनदा, आठ बारांचा दुसरा भाग दोनदा, असे बत्तीस बार. ही धून मुळात नाचासाठी आहे आणि नाचणाऱ्यांची पावलं याच हिशेबावर पडतात. दुसरा भाग बहुधा वरच्या सुरांत चढतो. त्या चढणीवर मी त्या माणसाचा एकच गुण ठेवते: कुणाचं खळखळून हसणं, कुणाचं बोलता बोलता थांबणं. एवढ्या जागेत चरित्र मावत नाही, स्वभावाची एखादी लकब मात्र नेमकी बसते.

३. आपलं गाणं मनात असू द्या, धुनेवर लादू नका.
इथल्या कितीतरी धुना डोरियन सुरावटीत आहेत आणि तिचे सूर म्हणजे आपल्या काफी थाटाचे सूर. मिक्सोलिडियनचे सूर खमाजाचे. त्यामुळे आईसाठी जिग बांधताना तिच्या काफीतल्या होरीची आठवण आपसूक बोटांत आली. ती मी येऊ दिली, पण मींड बाहेर ठेवली. इथला अलंकार वेगळा आहे: क्षणभर बोट टेकवून सूर तोडणारा 'कट', सुराला वरून-खालून स्पर्श करून परतणारा 'रोल'. इथल्या बोटांना जी धून परकी वाटेल ती दुसरं कुणी वाजवणार नाही, आणि आईचं नाव माझ्या खोलीबाहेर पडणार नाही.

४. शेजारी बसलेल्या वाद्यांचा विचार करा.
फिडलची सर्वांत खालची तार 'जी' सुराची. आयरिश लाकडी बासरी आणि इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) मात्र साधारणपणे डीच्या खाली जात नाहीत. 'जी' तारेवर उतरलेली धून फिडलवर भारदस्त लागते, पण बासरीवाल्याला ते सूर एक सप्तक वर घ्यावे लागतात. म्हणून बासरी वाजवणाऱ्या मित्राची धून मी डीवरच थांबवली. ज्याच्या नावाची आहे त्याला ती सुखाने वाजवता आली पाहिजे.

५. 'माझी' म्हणण्याआधी पारखून घ्या.
शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेल्या फ्रान्सिस ओ'नील यांच्या १९०३ च्या एका संग्रहातच १,८५० धुना आहेत. कानात इतकं साठलेलं असताना सुचलेली ओळ जुन्या धुनेची निघू शकते. नवी धून मी आधी एखाद्या वयस्क वादकाला ऐकवते. ते मान डोलावून 'ही नवी दिसते' म्हणाले, की मगच नाव ठेवते.

६. नाव द्या, आणि माणूस ऐकू शकतो तोवर द्या.
ईस्ट गॉलवेचे पॅडी फाही यांनी आपल्या धुनांना नावंच ठेवली नाहीत. आज त्या सगळ्या 'पॅडी फाहीज' म्हणून ओळखल्या जातात आणि कुठली कुठली हे वाजवूनच सांगावं लागतं. त्यांच्या सुरांना ते शोभतं. पण कुणाच्या सन्मानासाठी धून बांधली असेल तर नाव पूर्ण, स्पष्ट हवं, आणि पहिल्यांदा ती त्याच माणसासमोर वाजायला हवी. गेलेल्या माणसासाठी बहुधा ठेक्याविना वाहणारी स्लो एअर वाजवतात. माझी एक मैत्रीण जन्मभर नाचली. ती गेल्यावरही मी तिला जिगच दिली.

७. मग धून सोडून द्या.
कॅव्हन काउंटीतले एड रीव्ही १९१२ मध्ये फिलाडेल्फियाला गेले, तिथे प्लंबिंगचं काम करत शेकडो धुना रचत राहिले. त्यांची 'द हंटर्स हाउस' ही रील आज आयर्लंडभर सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या बैठकींत, वाजते आणि अनेकांना ती परंपरेतलीच वाटते. माझ्या धुनेतला एखादा सूर कुणी बदलला, कुणी रोलच्या जागी तिहेरी सूर घेतला, तर मी अडवत नाही. इथे धून अशीच रुळते. बाबांना कधीही न पाहिलेली माणसं त्यांच्या नावाने हाक देऊन हॉर्नपाइप धरतात. सन्मान मी धून बांधली तेव्हा झाला नव्हता; तो त्या माणसांनी केला. म्हणून धून अशी बांधा की ती दुसऱ्याला वाजवावीशी वाटेल.